अग्रगीताची निवड आणि नभोवाणी : लोकप्रिय संगीताच्या व्यवहारातील एक प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या व्यवहारात एखाद्या ख्यातनाम गायकाचा नवा गीतसंग्रह बाजारात येण्यापूर्वी त्यातील एक गीत निवडून ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध करण्याचा प्रघात आहे. दहाबारा गीतांतून वेचलेल्या ह्या गीताला इंग्रजीत 'लीड सिंगल' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास 'अग्रगीत' ही संज्ञा योजिली आहे. अग्रगीत हे संग्रहाचा अग्रदूत असते. गायक पुन्हा गाऊ लागला आहे ही वार्ता ते श्रोत्यांपर्यंत नेते, दुकानदाराला किती प्रती मागवाव्यात ह्याचा अंदाज देते आणि पुढील वर्षभर त्या गायकाची प्रतिमा कोणती राहील हेही बव्हंशी ठरविते.

ही निवड कोणत्या निकषावर होते, असे विचारल्यास सामान्य श्रोता सहज उत्तर देईल की, जे गीत सर्वांत उत्तम ते सर्वांच्या आधी. प्रत्यक्ष इतिहास मात्र ह्या उत्तराला दुजोरा देत नाही. मायकेल जॅक्सन ह्याचा 'थ्रिलर' हा संग्रह जगात सर्वाधिक खपलेल्या संग्रहांत गणला जातो. त्यात 'बिली जीन' आणि 'बीट इट' ही दोन गीते आहेत. परंतु ऑक्टोबर १९८२ मध्ये अग्रगीत म्हणून जे पुढे पाठविले गेले ते ह्या दोहोंपैकी एकही नव्हते. ते होते 'द गर्ल इज माइन' हे पॉल मॅकार्टनीसमवेत गायिलेले सौम्य युगुलगीत. आज त्या संग्रहाचे नाव निघताच हे गीत क्वचितच कोणाला आठवते. मग अनुभवी निर्मात्यांनी व विक्रेत्यांनी तेच का निवडले? ह्या प्रश्नाचे उत्तर संगीतात पुरतेपणी सापडत नाही. ते शोधण्यासाठी नभोवाणी केंद्राच्या कार्यपद्धतीकडे वळावे लागते.

२. तबकडी आणि तिचे माप

अग्रगीताची कल्पना तबकडीच्या इतिहासातून निर्माण झाली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असे. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने दीर्घवादी तबकडी बाजारात आणली आणि १९४९ मध्ये आर.सी.ए. व्हिक्टर कंपनीने ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आणली. ह्या दोन घटनांनी संगीताच्या बाजाराचे दोन भाग पडले. लहान तबकडी स्वस्त होती. तरुण मुलामुलींना ती परवडे आणि नाणे टाकून वाजविण्याच्या ज्यूकबॉक्स यंत्रात व नभोवाणी केंद्रात ती हाताळण्यास सोयीची होती. दीर्घवादी तबकडी महाग होती व तीत नफा अधिक होता. साहजिकच लहान तबकडी ही मोठ्या तबकडीची जाहिरात बनली. अग्रगीत हे ह्या नात्याचे अपत्य होय.

तीन मिनिटांची मर्यादा तांत्रिक कारण नाहीसे झाल्यावरही टिकली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नभोवाणीच्या तासात जाहिराती, वार्ता व निवेदन बसवावयाचे असल्याने लहान गीत केंद्राच्या पथ्यावर पडे. १९६५ मध्ये बॉब डिलन ह्याचे 'लाइक अ रोलिंग स्टोन' हे सहा मिनिटांहून दीर्घ गीत प्रसिद्ध करताना कंपनीने निवेदकांकडे पाठविलेल्या प्रतींवर ते दोन बाजूंत विभागले होते. श्रोत्यांनी संपूर्ण गीताचा आग्रह धरला आणि ते अमेरिकेच्या क्रमवारीत दुसऱ्या स्थानापर्यंत गेले. मर्यादा श्रोत्यांची नव्हती, केंद्रांनी गृहीत धरलेली होती, एवढे ह्यावरून स्पष्ट होते.

३. केंद्राचा हिशेब

अमेरिकेतील व्यापारी नभोवाणी केंद्र श्रोत्यांना संगीत विकत नाही. ते जाहिरातदारांना श्रोते विकते. संगीत हे श्रोत्यांना थांबवून धरण्याचे साधन आहे. हे मूलभूत सूत्र लक्षात घेतले म्हणजे केंद्राच्या पुष्कळशा वागणुकीचा उलगडा होतो. केंद्रचालकाला सर्वांत मोठी भीती असते ती श्रोत्याने बटण फिरविण्याची. ज्या गीतावर शंभरांतील दहाजण जीव टाकतात पण तिघांना ते असह्य होते, त्यापेक्षा ज्याचा कोणालाच विशेष त्रास होत नाही असे गीत केंद्राच्या दृष्टीने अधिक मोलाचे ठरते. गीताविषयीचे उत्कट प्रेम केंद्राच्या जमाखर्चात नीटसे नोंदले जात नाही. कंटाळा मात्र तत्काळ नोंदला जातो.

ह्याच हिशेबातून १९५० नंतरच्या दशकात 'टॉप फॉर्टी' ही पद्धती रूढ झाली. दूरचित्रवाणीने नाटिका व करमणुकीचे कार्यक्रम हिरावून नेल्यावर नभोवाणीला तबकड्यांचाच आधार उरला होता. ओमाहा येथील केंद्राचे चालक टॉड स्टॉर्झ ह्यांनी मोजकीच लोकप्रिय गीते पुनःपुन्हा वाजविण्याचा मार्ग यशस्वी करून दाखविला. टेक्सासमध्ये गॉर्डन मॅक्लेंडन ह्यांनी त्यास आपल्या परीने पूर्ण रूप दिले. ह्या पद्धतीच्या उगमाविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. एका उपाहारगृहातील परिचारिकेने दिवसभर ज्यूकबॉक्सवर तीच ती गीते ऐकल्यावर, गिऱ्हाइके गेल्यानंतर स्वतःच्या पदरचे नाणे टाकून पुन्हा तेच गीत लावले, असे म्हणतात. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातील सिद्धान्त केंद्रांनी खरा मानला.

ह्या पद्धतीत केंद्राच्या यादीत नव्या गीतासाठी दर आठवड्याला मोजक्याच जागा मोकळ्या होतात, आणि त्यांवर डोळा ठेवून असलेली गीते कितीतरी असतात. ह्या अरुंद दारातून कोणते गीत सुखाने आत जाईल, हा अग्रगीत निवडणाऱ्याचा खरा प्रश्न असतो. त्यामुळे 'उत्तम गीत कोणते' ह्या प्रश्नाची जागा 'नाकारण्यास कठीण गीत कोणते' हा प्रश्न घेतो. पुढे १९७० नंतर तर श्रोत्यांना दूरध्वनीवरून गीताचा काही सेकंदांचा तुकडा ऐकवून त्यांचे मत अजमावण्याची रीत पडली. ज्या गीताचे सौंदर्य हळूहळू उलगडते त्याची अशा परीक्षेत काय गत होत असेल, हे सांगावयास नको.

अमेरिकेच्या कायद्यातील एक तरतूद येथे उद्बोधक आहे. तेथील पारंपरिक नभोवाणी केंद्रे गीतकार, संगीतकार व त्यांचे प्रकाशक ह्यांना मोबदला देतात, पण ज्याच्या कंठातून गीत उमटले त्या गायकाला किंवा मुद्रणाच्या मालकाला काहीही देत नाहीत. इतर बहुतेक प्रगत देशांत असा मोबदला दिला जातो. गीत वाजविणे हीच गायकाची जाहिरात, हीच त्याची बिदागी, असे ह्या तरतुदीमागील समर्थन आहे. केंद्र हे गिऱ्हाईक नसून उपकारकर्ते आहे, हा समज असा कायद्यातच रुजला आहे. २०२४ पर्यंत तरी हा कायदा बदलण्याचे प्रयत्न सफल झालेले नव्हते.

४. चार उदाहरणे

ह्या सामान्य विवेचनाला चार प्रत्यक्ष प्रसंगांचा आधार देता येईल.

पहिला प्रसंग १९६३ सालचा. कॅपिटॉल ह्या अमेरिकन कंपनीने बीटल्सच्या तबकड्या आपल्या देशात काढण्यास आरंभी नकार दिला होता. 'आय वाँट टु होल्ड युवर हँड' हे गीत अखेर तिने स्वीकारले आणि त्याच्या प्रकाशनाचा दिवस १३ जानेवारी १९६४ असा ठरविला. तथापि वॉशिंग्टन येथील एका केंद्राचा निवेदक कॅरोल जेम्स ह्याने एका किशोरवयीन श्रोतीच्या पत्रावरून ही तबकडी इंग्लंडहून विमानाने मागविली व डिसेंबरच्या मध्यास वाजविली. दूरध्वनींचा ओघ सुरू झाला. गीत इतरत्रही वाजू लागले. कंपनीला प्रकाशनाचा दिवस २६ डिसेंबर १९६३ असा अलीकडे आणावा लागला. १ फेब्रुवारी १९६४ च्या क्रमवारीत ते गीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. येथे नभोवाणीने कंपनीची निवड बदलली नाही, पण तिचा कालक्रम मात्र मोडून टाकला.

दुसरा प्रसंग १९७५ सालचा, इंग्लंडमधील. क्वीन ह्या वाद्यवृंदाने आपल्या 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' ह्या संग्रहाचे अग्रगीत म्हणून 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गीत पुढे केले. त्याची लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद. त्यात ध्रुपद नाही, आरंभी मंद पद, मध्ये ऑपेराच्या धर्तीचे समूहगान, शेवटी वाद्यांचा कल्लोळ. इतके लांब गीत केंद्रे वाजविणार नाहीत, असे कंपनीचे मत पडले, आणि केंद्रांची रीत पाहता ते अवाजवी नव्हते. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील निवेदक केनी एव्हरेट ह्याच्या हाती एक प्रत आली. त्याने शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत ते गीत चौदा वेळा वाजविले, असे सांगितले जाते. दुकानांत मागणी सुरू झाली, पण तबकडी अजून बाजारात यावयाची होती. ३१ ऑक्टोबरला ती आली आणि पुढे नऊ आठवडे ब्रिटनच्या क्रमवारीत प्रथम स्थानी राहिली. ह्या गीताचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी, म्हणजेच झांझिबार येथे पारशी कुटुंबात जन्मलेला फारुख बलसारा. त्याचे शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले व तेथेच त्याने सोबत्यांसह पहिला वाद्यवृंद उभा केला, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकांस कुतूहलाची वाटेल.

एव्हरेटसारखा लहरी निवेदक स्वतःच्या जबाबदारीवर हे करू शकला, कारण त्या काळी निवेदकाच्या हाती काही स्वातंत्र्य शिल्लक होते. ब्रिटनमध्ये १९६० नंतरच्या दशकात बी.बी.सी.ला तबकड्या वाजविण्यासाठी करारान्वये दिवसाला मोजकेच तास मिळत. ती उणीव भरून काढण्यास १९६४ पासून 'रेडिओ कॅरोलाइन'सारखी समुद्रातील जहाजांवरून चालणारी केंद्रे पुढे आली. १९६७ मध्ये कायद्याने त्यांचा मार्ग रोखण्यात आला आणि त्याच वर्षी बी.बी.सी.ने 'रेडिओ वन' सुरू केले. अशा केंद्रांतून घडलेल्या निवेदकांच्या पिढीतलाच एव्हरेट हा एक होता.

तिसरा प्रसंग 'थ्रिलर'चा. १९७९ मध्ये अमेरिकेत डिस्को संगीताविरुद्ध प्रतिक्रिया उसळली. त्यानंतर तेथील केंद्रे श्रोतृवर्गानुसार अधिकच काटेकोर विभागली गेली आणि कृष्णवर्णीय गायकांना गोऱ्या श्रोत्यांच्या केंद्रांवर मिळणारा वाव आक्रसला. अशा वेळी मॅकार्टनीसारख्या सर्वमान्य गोऱ्या गायकाचा आवाज ज्यात आहे असे गीत नाकारणे कोणत्याही केंद्राला जड गेले असते. 'द गर्ल इज माइन' क्रमवारीत दुसऱ्या स्थानापर्यंत गेले. संग्रहाविषयी मात्र काही काळ शंका व्यक्त झाल्या, कारण एवढ्याच मृदू गीतावरून लोक त्याची परीक्षा करीत होते. जानेवारी १९८३ मध्ये 'बिली जीन' आले, ते सात आठवडे प्रथम स्थानी राहिले आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या 'बीट इट'मध्ये एडी व्हॅन हेलनचे गिटारवादन असल्याने रॉक संगीताची केंद्रेही त्या गायकाला खुली झाली. अग्रगीताने दार उघडले, घर मात्र मागून आलेल्या गीतांनी जिंकले. ते दार उघडण्यासाठी एका कृष्णवर्णीय गायकाला ही युक्ती हिताची वाटावी, ह्यातच त्या काळच्या नभोवाणीचे चित्र उमटले आहे.

चौथा प्रसंग ब्रूस स्प्रिंगस्टीन ह्याच्या १९८४ च्या 'बॉर्न इन द यू.एस.ए.' ह्या संग्रहाचा. कित्येक गीते लिहून व मुद्रित करून झाली असताना त्याचा व्यवस्थापक व सहनिर्माता जॉन लँडाउ ह्याने ह्यात अग्रगीत होईल असे एकही गीत नाही, असा आक्षेप घेतला. गायक संतापला, पण त्याच रात्री त्याने 'डान्सिंग इन द डार्क' लिहिले. ते मे महिन्यात प्रसिद्ध झाले व क्रमवारीत दुसऱ्या स्थानी पोहोचले. त्या संग्रहातील सात गीते पहिल्या दहांत गेली. पूर्वीच्या प्रसंगांत तयार गीतांतून निवड झाली होती. येथे निवडीच्या गरजेने गीतच निर्माण केले. नभोवाणीचा प्रभाव गीत जन्मण्यापूर्वीच कसा कार्य करतो, ह्याचे हे उत्तम निदर्शन होय. त्यातून निपजलेले गीत हीन नव्हते, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

५. द्वारपालाची दक्षिणा

ज्या दारातून आत गेल्यावाचून यश नाही, त्या दाराशी दक्षिणेचा व्यवहार सुरू व्हावा ह्यात आश्चर्य नाही. निवेदकाला पैसे किंवा भेटी देऊन तबकडी वाजवून घेण्याच्या प्रकाराला अमेरिकेत 'पेओला' असे नाव पडले. १९५९-६० मध्ये तेथील प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीने ह्याची जाहीर चौकशी केली. रॉक अँड रोल संगीताचा प्रख्यात पुरस्कर्ता अ‍ॅलन फ्रीड ह्याची नोकरी १९५९ मध्ये गेली, १९६२ मध्ये त्याने लाचलुचपतीच्या दोन आरोपांची कबुली दिली व त्यास तीनशे डॉलर दंड झाला. दंड किरकोळ होता, पण त्याची कारकीर्द तेथे संपली. १९६५ मध्ये त्याचे निधन झाले.

१९६० च्या कायद्याने नेमके काय निषिद्ध केले, हे पाहण्यासारखे आहे. पैसे घेऊन गीत वाजविण्यास त्याने सरसकट बंदी केली नाही. पैसे घेतल्याचे श्रोत्यांपासून लपविणे हा अपराध ठरविला. दुसरा परिणाम अधिक दूरगामी झाला. निवेदकावरील विश्वास उडाल्याने गीते निवडण्याचा अधिकार त्याच्याकडून काढून कार्यक्रम-संचालकाकडे देण्यात आला. अधिकार जितका थोड्या हातांत एकवटेल तितकी त्या हातांची किंमत वाढते. पुढे कंपन्यांनी स्वतंत्र प्रचारक नेमून हाच व्यवहार आडमार्गाने चालू ठेवला. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाने देशात चाळीसच केंद्रे बाळगावीत ही मर्यादा उठविली, तेव्हा क्लिअर चॅनेल ह्या एकाच कंपनीकडे काही वर्षांत सुमारे बाराशे केंद्रे जमा झाली. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे महान्यायवादी एलियट स्पिट्झर ह्यांच्या तपासानंतर सोनी बी.एम.जी. कंपनीने एक कोटी डॉलर देऊन समझोता केला. त्याच वर्षी वॉर्नरने पन्नास लाख व २००६ मध्ये युनिव्हर्सलने एक कोटी वीस लाख डॉलर दिले. पंचेचाळीस वर्षांनंतरही रोग तोच होता, केवळ रोग्याचा आकार वाढला होता.

६. मोजमापाचा प्रश्न

नभोवाणीचा प्रभाव मोजण्यात एक विलक्षण अडचण आहे. अमेरिकेची 'हॉट १००' ही क्रमवारी ४ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाली तेव्हापासून तीत विक्रीबरोबर नभोवाणीवरील प्रसारणही मोजले जाते. ब्रिटनची क्रमवारी दीर्घकाळ केवळ विक्रीवर आधारलेली होती. म्हणजे अमेरिकेत प्रसारण हे लोकप्रियतेचे कारणही आहे आणि तिचे मापही आहे. ताप आणणारी वस्तूच तापमापकात घालावी, तसा हा प्रकार होतो.

१९९१ पर्यंत तर प्रसारणाचे आकडे केंद्रांनी स्वतः कळविलेल्या याद्यांवरून घेतले जात. त्यामुळे यादीत नाव आहे पण गीत वाजतच नाही, असेही घडे. नोव्हेंबर १९९१ पासून यंत्राने प्रत्यक्ष प्रसारण टिपण्याची व दुकानातील विक्री गणकयंत्राने नोंदण्याची पद्धत आली. त्यानंतर एक वेगळाच पेच उद्भवला. गीत नभोवाणीवर भरपूर वाजवावयाचे पण त्याची सुटी तबकडी काढावयाचीच नाही, म्हणजे श्रोत्याला एका गीतासाठी संपूर्ण संग्रह विकत घ्यावा लागेल, अशी नीती कंपन्यांनी अवलंबिली. नो डाउट ह्या वाद्यवृंदाचे 'डोन्ट स्पीक' हे गीत १९९६-९७ मध्ये नभोवाणीच्या क्रमवारीत सोळा आठवडे प्रथम स्थानी असूनही 'हॉट १००'मध्ये त्याचे नावसुद्धा आले नाही, कारण सुटी तबकडी नसलेल्या गीताला तीत प्रवेश नव्हता. डिसेंबर १९९८ मध्ये हा नियम बदलला. जून २००० मध्ये आलिया ह्या गायिकेचे 'ट्राय अगेन' केवळ प्रसारणाच्या बळावर प्रथम स्थानी पोहोचलेले पहिले गीत ठरले. जे गीत एकाही ग्राहकाने सुटे विकत घेतले नव्हते ते देशातील सर्वांत लोकप्रिय गीत मानले गेले. कोणाची आवड येथे मोजली गेली, हा प्रश्न अटळ आहे.

७. परिचय आणि आवड

ह्या प्रश्नाचा विचार विद्वानांनी फार पूर्वी आरंभिला. थिओडोर अडोर्नो ह्यांनी १९४१ मध्ये जॉर्ज सिम्पसन ह्यांच्या साहाय्याने लिहिलेल्या लोकप्रिय संगीतावरील निबंधात असे प्रतिपादन केले की, गीत सतत कानांवर आदळत ठेवले म्हणजे श्रोता ओळखीलाच आवड समजू लागतो. हे मत कठोर होते आणि श्रोत्याला ते अगदीच निष्क्रिय मानीत होते. १९६८ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स ह्यांनी प्रयोगांद्वारे दाखविले की, एखादी वस्तू केवळ वारंवार समोर आल्यानेही तिच्याविषयी अनुकूल भाव वाढतो. अडोर्नोंच्या तर्काला अशा रीतीने अंशतः प्रायोगिक आधार मिळाला.

ह्याहून निर्णायक प्रयोग मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स व डंकन वॉट्स ह्यांनी केला व २००६ मध्ये प्रसिद्ध केला. चौदा हजारांहून अधिक व्यक्तींना अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गीते ऐकण्यास देण्यात आली. एका गटाला इतरांची निवड दिसत नव्हती. उरलेले आठ गट परस्परांपासून अलग होते, पण प्रत्येकाला आपल्या गटातील इतरांनी कोणती गीते उतरवून घेतली ते दिसत होते. ह्या आठ छोट्या जगांत यशस्वी गीते भिन्न भिन्न निघाली. गुणानुक्रमे सव्विसावे असलेले एक गीत एका जगात पहिले आले, दुसऱ्यात चाळिसावे. निष्कर्ष असा की, अत्यंत उत्तम गीत सहसा तळाला जात नाही, अत्यंत सुमार गीत सहसा शिखरावर जात नाही, परंतु ह्या दोहोंमधील विस्तीर्ण प्रदेशात काहीही घडू शकते. नभोवाणीचे सामर्थ्य ह्याच मधल्या प्रदेशात चालते. ती दगडाचे सोने करीत नाही, पण अनेक सारख्या नाण्यांपैकी कोणते चलनात यावे हे ठरवू शकते.

८. भारतीय अनुभवाची तुलना

भारतात गीतसंग्रहाची जागा चित्रपटाने घेतली होती, म्हणून अग्रगीताची कल्पना येथे तशीच्या तशी लागू पडत नाही. तथापि नभोवाणीच्या द्वारपालपणाचा एक मोठा प्रयोग येथे झाला. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे अभिजात संगीताचे कट्टर अभिमानी होते. त्यांच्या धोरणाने आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचे प्रमाण घटविण्यात आले. गीतासोबत चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात होय, म्हणून तेही बंद झाले. निर्मात्यांना हीच जाहिरात हवी असल्याने त्यांनी गीते वाजविण्याची अनुमती काढून घेतली. परिणामी श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५२ च्या अखेरीस सुरू झालेली आणि अमीन सयानी ह्यांच्या वाणीने घरोघरी पोहोचलेली 'बिनाका गीतमाला' ही देशाची लोकप्रियता-क्रमवारी बनली. तिचे मुद्रण मुंबईत होई व प्रसारण कोलंबोहून. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली.

ह्या अनुभवातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. द्वारपाल व्यापारी असो वा शासकीय, त्याने दार फारच अरुंद केल्यास श्रोता दुसरे दार शोधतो. लंडनकरांनी समुद्रातील जहाजाकडे कान लावले, तसे मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांनी सिंहलद्वीपाकडे लावले. दुसरे असे की, दार बदलले तरी दाराची गरज संपत नाही. गीतमालेची क्रमवारीही लोकांच्या आवडीचा आरसा होती, तशीच ती आवड घडविणारा साचाही होती.

९. नवी साधने

इंटरनेटवरून हवे ते गीत हव्या त्या क्षणी ऐकता येऊ लागल्यावर नभोवाणीचे महत्त्व संपेल, असे भाकीत वारंवार केले गेले. २००५ पासून अंकीय विक्री, २०१३ पासून यूट्यूबवरील दर्शने 'हॉट १००'मध्ये मोजली जाऊ लागली. ऑक्टोबर २०१५ मध्ये अ‍ॅडेल हिचे 'हेलो' हे अग्रगीत अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात अकरा लाखांहून अधिक वेळा विकत घेऊन उतरविले गेले. त्यासाठी केंद्रांच्या कृपेची वाट पाहावी लागली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्ट हिने 'मिडनाइट्स' हा संग्रह आधी एकही गीत न पाठविता प्रसिद्ध केला आणि त्या आठवड्यानंतरच्या क्रमवारीतील पहिली दहाही स्थाने तिच्याच गीतांनी व्यापली. अग्रदूताची पूर्वसूचना देण्याची भूमिका येथे निरर्थक ठरली. तरीही त्यांतील 'अँटी-हीरो' हे गीत अग्रगीत म्हणून केंद्रांकडे धाडण्यात आले, आणि इतर गीते ओसरल्यावर तेच एकूण आठ आठवडे प्रथम स्थानी राहिले.

द वीकेंड ह्या गायकाचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्याने २७ नोव्हेंबर २०१९ रोजी 'हार्टलेस' हे अग्रगीत आणि दोनच दिवसांनी 'ब्लाइंडिंग लाइट्स' प्रसिद्ध केले. पहिले तत्काळ शिखरावर गेले व उतरले. दुसरे सावकाश चढले. एप्रिल २०२० मध्ये ते प्रथम स्थानी आले, नभोवाणीच्या क्रमवारीत सव्वीस आठवडे अग्रभागी राहिले आणि 'हॉट १००'मध्ये एकूण नव्वद आठवडे टिकले. जे गीत चाहते धावत जाऊन ऐकतात आणि जे गीत केंद्रे वर्षभर वाजवू शकतात, ती दोन भिन्न गीते असू शकतात, हे ह्यावरून दिसते. पूर्वी नभोवाणी आरंभ घडवीत असे. आता ती बहुधा टिकाव घडविते.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनाचा सारांश असा. अग्रगीत हे संग्रहातील सर्वोत्कृष्ट गीत असतेच असे नाही. अरुंद दारातून निर्विघ्न जाऊ शकणारे गीत म्हणून त्याची निवड होते. ह्या दाराचे माप श्रोत्यांच्या आवडीपेक्षा त्यांच्या कंटाळ्याच्या भीतीने ठरते. तेच माप पुढे गीतकाराच्या मनात शिरते आणि गीताची लांबी, आरंभ व घाट ठरवू लागते. क्रमवारी ही आवडीचे निखळ माप नसते. तिच्यात दाराचे मापही मिसळलेले असते.

म्हणून नभोवाणीला केवळ दोष देणे योग्य ठरणार नाही. सगळ्यांनीच सर्व ऐकणे अशक्य असल्याने कोणीतरी निवड करणे क्रमप्राप्तच आहे. संगणकाने सुचविलेल्या गीतांच्या याद्या हेही एक दारच आहे, आणि त्याचा द्वारपाल तर दृष्टीसही पडत नाही. विचारावयाचा प्रश्न एवढाच राहतो की, निवडणारा कोणापुढे उत्तरदायी आहे आणि एका दाराने नाकारलेल्या गीताला दुसरे दार उपलब्ध आहे काय. १९६३ मध्ये एका मुलीचे पत्र आणि १९७५ मध्ये एका निवेदकाची लहर ह्यांनी कंपन्यांचा हिशेब उलटवला, कारण तेव्हा हजारो केंद्रांत हजारो माणसे स्वतःच्या कानांनी ऐकत होती. एकाच कचेरीतून बाराशे केंद्रांची यादी निघू लागली म्हणजे असे अपघात दुर्मिळ होतात. लोकप्रिय संगीतातील कितीतरी चांगल्या गोष्टी अपघाताने घडल्या आहेत. त्या अपघातांना जागा ठेवणे, हे कोणत्याही प्रसारणव्यवस्थेचे कर्तव्य मानले पाहिजे.